सोनावणेकाकांच्या पालथ्या वाट्या

सोनावणेकाकांकडे जेवायला गेलात, तर आमटी ताटातच वाढून घ्यावी लागते. वाट्या नाहीत असं नाही. अठरा आहेत, चांगल्या जाड स्टीलच्या. पण पावसाळ्याचे चार महिने त्या सगळ्या पालथ्या असतात. कॉटखाली, टीव्हीवर, फ्रीजच्या डोक्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर. प्रत्येक वाटीखाली एक कागद, आणि कागदावर देठ कापून ठेवलेली रानातली एक अळंबी. पाहुण्याने चुकून वाटी उचलली तर काका रागवत नाहीत. ते नुसते शेजारी येऊन उभे राहतात आणि कोणी गेल्याची बातमी द्यावी तसं हळू म्हणतात, "ठसा हलला."

हा ठसा म्हणजे काय, हे मला इतक्या वेळा समजावलं गेलंय की झोपेत विचारलंत तरी सांगेन. अळंबीच्या टोपीखाली बारीक पट्ट्या असतात. टोपी कागदावर ठेवून वर वाटी झाकली, की एका रात्रीत त्या पट्ट्यांमधून भुकटी झडते आणि सकाळी कागदावर रांगोळीच्या चक्रासारखी नक्षी उमटलेली असते. भुकटी पांढरी, गुलाबी, तपकिरी, काळी, कशीही असू शकते. दिसायला अगदी जुळ्या वाटणाऱ्या दोन अळंब्या ठशावरून वेगळ्या निघतात. पांढरी भुकटी पांढऱ्या कागदावर दिसत नाही, म्हणून काका कागदाचा अर्धा भाग मार्करने काळा करून घेतात. कागद म्हणजे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. आमच्या सोसायटीत काकांना दोन-दोन पत्रिका द्यायची पद्धत आहे. लग्न कोणाचं ते काका नंतर वाचतात, आधी बोटाने कागदाची जाडी बघतात.

आमची सोसायटी ठाण्यात, वर्तकनगरला. माझं लग्न झालं आणि मी कोपरला गेले, पण आई तिथेच राहिली, तळमजल्यावर. बाबा गेल्यापासून एकटीच. सोनावणेकाका दुसऱ्या मजल्यावर. तेही एकटेच. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं की म्हणतात, "विचारायचं राहून गेलं." कोणाला विचारायचं, ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

काका मूळचे कल्याणजवळच्या मोहन्याचे. तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात, लॅबमध्ये होते. कारखाना बंद झाला तेव्हा लॅबमधला एक जुना सूक्ष्मदर्शक घेऊन ते ठाण्याला आले, आणि तो सूक्ष्मदर्शक टेम्पोतून उतरताना बघून सोसायटीने त्यांचं नाव सायंटिस्ट ठेवलं. अळंब्यांचं वेड मात्र लॅबमधलं नव्हे. मोहन्याला लहानपणी पावसाळ्यात एक कातकरी आजी पळसाच्या पानात अळंब्या घेऊन दारावर यायची. तिच्या मागे मागे फिरून काका शिकले. तिचं एक वाक्य ते अजून तिच्याच आवाजात म्हणून दाखवतात, "ही खायाची, ही नाय खायाची, आन् ही नुसती बघायाची." काकांनी आयुष्यभर तिसरा प्रकार धरला. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात रानातल्या अळंब्या इतक्या ओळखणारा माणूस क्वचित सापडेल, आणि त्याने कधी एकही चाखलेली नाही. भाजी म्हणून पडवळ खातात.

त्यांना ओढ होती ती अळंब्यांमधल्या औषधाची. म्हणजे, औषध हा शब्द मी वापरतेय. काका तो शब्द कधी एकटा सोडत नाहीत. येऊरच्या जंगलातून पिशवी भरून येतात, गेटवर वॉचमन विचारतो, "क्या मिला, काका? कुछ काम का है?" काका म्हणतात, "शक्यता आहे." वॉचमन उत्तर प्रदेशचा, त्याला इतक्या वर्षांत मराठीतला सगळ्यात पक्का आलेला शब्द हाच आहे. पाणी येणार का, असं कोणी विचारलं तरी तो म्हणतो, "शक्यता है."

मेलेल्या फांदीवर उगवणारी ती पंख्यासारखी केसाळ, करडी अळंबी तुम्ही पाहिली असेल. ती दाखवून काका म्हणणार, "हिच्यातून काढलेला एक पदार्थ परदेशात डॉक्टरांनी वापरलेला आहे. मुख्य उपचाराच्या सोबत. ऐवजी नाही, सोबत." मग बोट वर करून, "आणि काढलेला पदार्थ. उकळलेलं पाणी नाही." आपण कंटाळून मान हलवतो. ते मात्र आपल्याला समजलं की नाही ते डोळ्यांत बघून तपासतात, आणि शंका आली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

एकदा बिल्डिंगच्या मागच्या हिरवळीवर ताटाएवढ्या पांढऱ्याशुभ्र अळंब्या उगवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हात्र्यांच्या सुनेने परडीभर आणून धुतल्या, चिरायला घेतल्या, कांदा फोडणीला टाकला. वासावर नव्हे, जिन्यात पडलेल्या मातीच्या खुणांवर काका तिच्या दारात पोचले. म्हणाले, "एक द्या. सकाळी सांगतो."

"काका, कांदा करपतोय."

"कांद्यात बटाटा टाका."

ती चिडली, पण टाकला बिचारीने बटाटा. सकाळी काका पत्रिका घेऊन गेले. कागदावर हिरवट चक्र उमटलेलं. "हिरवा ठसा म्हणजे घरभर उलट्या," काका म्हणाले आणि तो कागद तिलाच देऊन आले. म्हात्र्यांनी तो फ्रीजला चुंबकाने लावून ठेवलाय. तेव्हापासून सोसायटीत कोणाला काही विचित्र उगवलेलं दिसलं की आधी काकांना हाक जाते.

पण हाक मारणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. दर श्रावणात एका रविवारी काका आवारात भाषण देतात. नोटीसबोर्डावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहितात, "रानातील अळंब्या : ओळख आणि औषधी शक्यता. वेळ सायंकाळी पाच. सर्वांनी यावे." मग वीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या स्वतः मांडतात, पुसतात, माइक लावतात. पहिल्या वर्षी अकरा माणसं आली, कारण नोटीस वाचून लोकांना वाटलं की काहीतरी खायला आहे. दुसऱ्या वर्षी चार. पुढे वॉचमन एकटा, कारण खुर्च्या मोजून परत ठेवायची जबाबदारी त्याची. काकांनी एकदाही भाषण रद्द केलं नाही किंवा आखडतं घेतलं नाही. एकोणीस रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून ते सव्वा तास बोलायचे आणि शेवटी "काही शंका?" असं विचारून थोडं थांबायचे. मी माहेरी आलेली असले तर खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे, मला बघवायचं नाही. त्याची आज लाज वाटते.

आईची आणि त्यांची ओळख झाली ती फणसांब्यामुळे. आई कुडाळची. कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखी टणक अळंबी येते, तो फणसांबा. तान्ह्या पोराचं तोंड आलं, लाळ फार गळायला लागली की तो सहाणेवर उगाळून लावतात. आईच्या डब्यात तिच्या आजीपासूनचा एक फणसांबा होता, उगाळून उगाळून एका बाजूने झिजलेला. मला लहानपणी तोच लावलेला. हे काकांना कळलं तेव्हा ते दार वाजवून आत आले, चप्पल काढायला विसरले, आणि म्हणाले, "वहिनी, नुसता बघू द्या." आईने दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडात उलटसुलट बघितला. नंतर म्हणाले, "यात शक्यता आहे." आई म्हणाली, "शक्यता कसली, सोनावणेभाऊ? ही समोर बसलीय ना, हिचंच तोंड बरं झालेलं."

आता मुद्द्याचं सांगते. मागच्या वर्षी आईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी केमोचे सहा डोस सांगितले, एकवीस-एकवीस दिवसांनी. डॉक्टर म्हणाले, वेळेत पकडलंय, पण डोस चुकवायचे नाहीत. पहिल्या दोन डोसांना मी गेलेले. डे-केअर वॉर्डात सोबत एकालाच बसू देतात. चार-पाच तास बाटली टपकत असते. रजा शिल्लक नव्हती म्हणून मी लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करत बसायचे. आई बाटलीकडे बघत बसायची. घरी आल्यावर आठवडाभर ओकाऱ्या, तोंडाला चव नाही, केस हातात यायला लागलेले. तिसऱ्या डोसाच्या वेळी ऑफिसमध्ये ऑडिट लागलं. आई फोनवर म्हणाली, "तू नको येऊ गं. मी शेजारच्या कोणालातरी घेऊन जाते." संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, "झाला. काही त्रास नाही." आणि मी खुशाल विश्वास ठेवला.

पुढच्या रविवारी वर्तकनगरला गेले तर नोटीसबोर्डावर काकांचं निवेदन. "गेटजवळील गुलमोहराच्या बुंध्यावर तीन पावसाळे वाढत असलेले गॅनोडर्मा मंगळवार सकाळपासून बेपत्ता आहे. रंग तपकिरी, अंगावर लाखेसारखी चकाकी, कडेला पांढरी किनार, रुंदी बावीस सेंटिमीटर. ज्याने नेले असेल त्याने परत करावे. कारण विचारले जाणार नाही." मला हसू आलं. हे फळीसारखं झाडाला चिकटलेलं प्रकरण मला माहीत होतं. काका दर रविवारी शिंप्याची टेप घेऊन त्याचं माप घ्यायचे आणि वहीत मांडायचे. त्याच्याशी थोडं बोलायचे, असं वॉचमनचं म्हणणं.

हसतच आईच्या घरात शिरले. आई चांगली टवटवीत. पोळ्या करत होती. डोस होऊन पाच दिवस झालेत आणि बाई उभ्याने पोळ्या करतेय, हेच मला खटकलं. मग वास आला. भिजलेल्या लाकडाचा, कडू. कुकरचं झाकण उघडलं तर आत चहाच्या रंगाचं पाणी आणि तळाला तपकिरी चुरा. ओट्याखाली फडक्यात गुंडाळलेला गॅनोडर्माचा अर्धा तुकडा होता, आणि त्याच्या शेजारी किसणी, दोन ठिकाणी वाकलेली.

"डोसाला गेलीस का तू?" मी विचारलं.

आईने तव्यावरची पोळी उलटली, फुगवली, काढली, तूप लावलं. मग म्हणाली, "नाही गेले. हे घेतेय. सोनावणेभाऊंनी सांगितलंय."

माझा तोल गेला. तो अर्धा तुकडा घेऊन मी दोन मजले चढले आणि काकांच्या दारावर थापा मारल्या. काकांनी दार उघडलं, माझ्या हातातला तुकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "सापडला," ते म्हणाले. टेप आणायला वळलेसुद्धा.

"काका, आई हे उकळून पितेय. डोस सोडलाय तिने. तुमच्या भाषणांमुळे."

ते वळले तिथेच थांबले. मी अजून बरंच काही बोलले. आयुष्यभर बुरशी घेऊन बसलात, स्वतः एक खात नाही आणि लोकांना नादी लावता, असंही बोलले. तेव्हा बोलले ते सगळं मला परत घ्यायचंय, पण काकांनी त्यातलं एकही वाक्य अडवलं नाही. फक्त म्हणाले, "किती दिवस घेतायत?"

"मंगळवारपासून."

"उकळून? रोज?" मग चष्मा घातला आणि म्हणाले, "चल."

खाली आईने खुर्ची पुढे केली. काका बसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, मी हे प्यायला कधी सांगितलं?"

आई आत गेली आणि पाककृतींची वही घेऊन आली. लाल पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली, मी लहानपणापासून बघत आलेली. पुढून उघडली की शंकरपाळे, अनारसे, कुळथाचं पिठलं. आईने ती मागून उघडली. मागून अळंब्या होत्या. पानंच्या पानं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर आवारात उघडते, आणि काकांच्या माइकच्या कर्ण्याचं तोंड तिकडेच असतं. बारा पावसाळे आई ओट्याशी उभी राहून भाषण ऐकत होती आणि फोडणी दिल्यावर हात पुसून उतरवून काढत होती.

"हे बघा," आई म्हणाली. "नाव मीच घातलंय वरती. गॅनोडर्मा. शरीराची ताकद वाढवण्याची शक्यता. गाठींवर अभ्यास चालू. तुमचंच आहे ना?"

काकांनी वही हातात घेतली आणि तेव्हा खुर्चीवर बसले. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मग एकदम पहिल्या पानावर गेले आणि ओळीने वाचू लागले. आईने मध्येमध्ये घरचं पण लिहिलेलं. "आज अळूची भाजी. भाऊंना खोकला आहे, सुंठ सांगणे." "वीज गेली, माइक बंद, शेवटचं नीट ऐकू आलं नाही." एका पानावर काका थांबले. म्हणाले, "वहिनी, त्या वर्षी फार पाऊस होता. वॉचमनसुद्धा केबिनमध्ये जाऊन बसलेला. मी छत्री धरून बोललो. कोणीच नव्हतं."

"मी होते की," आई म्हणाली. "घावणे घालत होते. खिडकी लावली नाही, म्हणून तर पीठ पातळ झालं माझं."

काकांनी चष्मा काढला. बारा वर्षं आपण खुर्च्यांशी बोलतोय असं समजणाऱ्या माणसाच्या हातात ती वही होती, आणि त्या वहीपायीच एका बाईने डोस सोडला होता. कशाचं काय करावं हे त्यांना कळत नसावं. मला तर अजिबात कळत नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "उतरवून घेतलंय ते बरोबर आहे. चूक माझी आहे. तुम्हाला वाटतं मी शास्त्रज्ञ आहे. वहिनी, मी लॅबमध्ये काचसामान धुवायचो. दहावी नापास आहे मी. साहेब लोक जेवायला गेले की अर्धा तास सूक्ष्मदर्शक मोकळा असायचा, तेव्हा बघायचो. तेवढंच माझं शिक्षण. माझ्या बोलण्यावर कोणी जीव टांगू नये."

सोसायटीने सायंटिस्ट म्हणून डोक्यावर घेतलेला माणूस हे सांगत होता, आणि माझ्यासमोर सांगत होता. मला वाटलं, आता आईचा विश्वास उडेल, काम होईल. आई म्हणाली, "ते ठाऊक आहे मला. तुमची बहीण आलेली ना एकदा चहाला, तिने सांगितलेलं. मग काय झालं? सांगता तर नीट."

काकांनी वही मिटून ओट्यावर ठेवली. मग आईच बोलली, पोळ्यांचा डबा बंद करत, आमच्याकडे न बघता. "औषधावर माझा राग नाही. पण तिथं बसवत नाही मला. सगळे बाटलीकडे बघत बसतात. हिला बिचारीला ऑफिस. पाच तास कोणी शब्द बोलत नाही, आणि मग मी नको नको ते ठरवत बसते. हे प्यायले की निदान माझ्या खिडकीशी उभी असते मी."

ती इतकी घाबरली होती आणि मी शेजारी बसून ईमेल लिहीत होते. मी तिथेच रडायला लागले. आईने मला पाणी दिलं, आणि काका उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, बोलायचं काम माझ्याकडे. मी येतो. पहिल्यापासून सांगतो सगळं, जेवढं खरं आहे तेवढंच. वही घ्या बरोबर. पण बाटली चुकवायची नाही, आणि हे पाणी आज ओतायचं." आईने थोडा विचार केला. "माइक नसला तर मध्ये विचारता येईल ना?" तिने विचारलं. काका म्हणाले, "विचारा. कोणी विचारलेलं नाही अजून."

दुसऱ्या दिवशी काका तो उरलेला तुकडा पिशवीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून डॉक्टरांकडे घेऊन गेले. किती दिवस, किती कप, कसं उकळलं, सगळं लिहिलेलं. डॉक्टर आधी रागावले. काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या काढ्याने यकृत बिघडू शकतं, तपासणी करून घ्या साहेब, मग डोस द्या." डॉक्टर म्हणाले, तेच सांगणार होतो. रिपोर्ट ठीक आले, आणि तिसरा डोस उशिरा का होईना, झाला.

मला गोष्ट ताणून धरता येत नाही, म्हणून आत्ताच सांगते: सगळे डोस झाले, आई आज बरी आहे, केस आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे. डॉक्टरांचे आणि औषधांचे उपकार आहेतच. पण त्या खुर्चीत तिला पुन्हा नेऊन बसवणारा माणूस सोनावणेकाका. त्यांच्याशिवाय ती गेली नसती, हे मी शपथेवर सांगेन.

त्या वॉर्डातल्या गमती आई अजून सांगते. पहिल्याच दिवशी काका दाखवायला म्हणून डबीत एक अळंबी घेऊन गेले. सिस्टरने डबी उघडली आणि जी झापलीय त्यांना. इथल्या पेशंटना साधी सर्दी चालत नाही आणि तुम्ही बुरशी घेऊन येता? काका म्हणाले, "तुमचं बरोबर आहे," आणि डबी बाहेर, कंपाउंडच्या पलीकडे नेऊन ठेवून हात कोपरापर्यंत धुवून आले. पुढे सगळं तोंडी आणि हातवाऱ्यांनी. टोपी म्हणजे उलटा पंजा, पट्ट्या म्हणजे बोटं. आई एका हाताला सुई लावलेली, दुसऱ्या हाताने लिहायची. चौथ्या डोसापर्यंत पलीकडच्या तीन खुर्च्या इकडे तोंड करून बसायला लागलेल्या. कल्याणचे एक गृहस्थ होते, ते दर वेळी विचारायचे, "पण काका, यातलं औषध कुठलं?" काका त्यांच्या बाटलीकडे बोट दाखवायचे. "ते. मी सांगतोय ते वेळ जाण्यासाठी."

आईने शंका विचारल्या. खूप विचारल्या. पाचव्या डोसाला तिने विचारलं, की फणसांबा फणसावरच का येतो, आंब्यावर का नाही? काकांना उत्तर येईना. ते म्हणाले, "मला माहीत नाही." घरी येताना रिक्षात ते इतके खूश होते, की आईला वाटलं यांना लॉटरी लागली.

सहाव्या, शेवटच्या डोसाला मी हट्टाने रजा काढून गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभेच होते. वॉर्डाच्या काउंटरवर सिस्टरने रजिस्टर पुढे केलं. सोबत कोण, नाव, सही, पेशंटशी नातं. "आणि हे काका," सिस्टर वैतागून म्हणाली, "तीन वेळा आले, तिन्ही वेळा नात्याचा रकाना रिकामा. शेजारी लिहा म्हटलं, तर नुसते हसतात. आम्हाला वरून ओरडा बसतो."

"काय लिहायचं ते ठरत नव्हतं," काका हळूच म्हणाले. "शेजारी तर सगळेच आहेत."

मी रजिस्टरमधलं आईच्या नावाचं पान बघितलं. पहिल्या दोन डोसांना माझ्या अक्षरात मुलगी, मुलगी. मग तीन वेळा काकांचं नाव, वळणदार सही, आणि पुढे कोरी जागा. आईने माझ्या हातातलं पेन घेतलं. स्कार्फ सावरला, रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि तीन कोऱ्या रकान्यांत सावकाश, शाळेतल्यासारखं टपोरं अक्षर काढून लिहिलं, शिक्षक, शिक्षक, शिक्षक. मग त्या दिवसाच्या ओळीत काकांचं नाव घातलं आणि पुढे चौथ्यांदा लिहिलं. पेन काकांना दिलं. "सही करा. आणि आज फणसाचं राहिलेलं आहे, ते विसरू नका."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. चारही ओळी बोट ठेवून वाचल्या. सही केली. मग माझ्याकडे वळले, आणि आवाज शक्य तेवढा करडा करून म्हणाले, "मीनू, तू बाहेर बस. आत एकालाच सोडतात."

मी बाहेर जाऊन बसले.